अठरा रविवार आणि पाच दिवस

पेण तालुक्यातील गागोदे हे आचार्य विनोबा भावे यांचे जन्मगाव. ११ सप्टेंबर १८९५ रोजी ते तेथे जन्मले, याचा आम्हां कासू-नागोठण्याकडील मंडळींना साहजिकच अभिमान वाटतो. मात्र त्यांचा जो ग्रंथ मराठी घरांतून सर्वाधिक वाचला गेला, तो ना गागोद्याला जन्मला, ना कोण्या आश्रमात. तो जन्मला धुळ्याच्या तुरुंगात. १९३२ साली २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी विनोबा सहबंदिवानांपुढे गीतेच्या एकेका अध्यायावर बोलले. अठरा रविवार, अठरा अध्याय. ते शब्द टिपून घेणारे हात होते साने गुरुजींचे. पुढच्याच वर्षी हेच साने गुरुजी नाशिकच्या तुरुंगात होते. तेथे ९ फेब्रुवारी १९३३ रोजी, गुरुवारी, त्यांनी 'श्यामची आई' लिहावयास घेतले आणि सोमवारी, १३ तारखेच्या पहाटे, ते हातावेगळे केले.

एक पुस्तक अठरा आठवडे सावकाश उमलत गेलेले, दुसरे पाच दिवसांत एखाद्या लोंढ्यासारखे बाहेर पडलेले. दोन्ही भिंतींआड घडली आणि दोन्हींच्या घडणीत एकच माणूस, एकदा श्रोता म्हणून आणि एकदा कर्ता म्हणून, उपस्थित होता. या दोन पुस्तकांविषयी आपल्याकडे उदंड लिहिले गेले आहे. पहिल्याचे तत्त्वज्ञान आणि दुसऱ्याचे अश्रू यांवरच ते बव्हंशी खर्ची पडले. बंदिवासात काळ कसा जाणवतो आणि ती जाणीव या पुस्तकांच्या रचनेत कशी उतरली, हा प्रश्न मला त्याहून महत्त्वाचा वाटतो. तो केवळ रसिकांच्या कुतूहलाचा प्रश्न नाही. आपल्यापैकी कितीतरी घरांत अंथरुणाला खिळलेली वडीलधारी माणसे आहेत, आणि त्यांचा दिवस कसा जातो हे आपण त्यांना क्वचितच विचारतो.

प्रथम शास्त्र काय सांगते ते पाहू. रूपासाठी डोळा, नादासाठी कान, गंधासाठी नाक. काळासाठी मात्र निसर्गाने आपणांस एकही इंद्रिय दिलेले नाही. मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांकडून येणाऱ्या चेतातंतूंचा जेथे छेद होतो त्याच्या किंचित वर, तांदळाच्या दाण्याहूनही लहान असा सुमारे वीस हजार पेशींचा एक पुंजका आहे. दिवस-रात्रीचा ताल तो सांभाळतो, हे १९७२ साली प्रयोगांनी सिद्ध झाले. पण हे झाले झोपेचे आणि जागेपणाचे घड्याळ. घटका किती लांबली, दुपार किती रेंगाळली, हे तो पुंजका सांगत नाही. तो हिशेब मेंदूचे अनेक भाग मिळून करतात आणि त्यासाठी अवधान व स्मृती यांचेच भांडवल वापरतात.

हे भांडवल किती फसवे असते, ते १९६२ साली मिशेल सिफ्र या तरुण फ्रेंच भूगर्भशास्त्रज्ञाने स्वतःवर प्रयोग करून दाखविले. आल्प्स पर्वतातील एका हिमगुहेत तो घड्याळावाचून सुमारे दोन महिने एकटा राहिला. १४ सप्टेंबरला त्याला बाहेर काढले तेव्हा त्याच्या मते तारीख होती २० ऑगस्ट! जवळजवळ पंचवीस दिवस त्याच्या हिशेबातून गळून गेले होते. दर सेकंदाला एक या गतीने १२० पर्यंत आकडे मोजावयाचे, अशी एक चाचणी तो गुहेत घेई. दोन मिनिटांत संपावयाची ती मोजणी त्याला पाच मिनिटे पुरे. आणि एवढे होऊनही त्याचे शरीर जवळजवळ चोवीस तासांच्याच तालावर झोपत व उठत राहिले. देहाचा ताल शाबूत, मनाचा हिशेब बुडालेला!

याच्या उलटही घडते. हडसन होगलंड या अमेरिकन शास्त्रज्ञाची पत्नी तापाने फणफणली होती. तो औषध घेऊन थोड्याच वेळात परतला. पण तो फार काळ बाहेर होता असा तिचा आग्रह. त्याने तिला सेकंद मोजावयास सांगितले. ताप जितका अधिक, तितके तिचे मिनिट लवकर भरून जाई. १९३३ साली त्याने हे निरीक्षण प्रसिद्ध केले. आतले मिनिट लवकर भरले की बाहेरचे मिनिट लांबणारच. 'आत्ताच तर येऊन गेलो' असे आपण आजाऱ्याला म्हणतो आणि तो 'सकाळपासून कोणी फिरकले नाही' असे म्हणतो, तेव्हा दोघेही खरेच बोलत असतात.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स याने १८९० साली नमूद केलेले एक निरीक्षण समीक्षकाच्या विशेष कामाचे आहे. नाना घटनांनी भरलेला काळ जात असताना तोकडा वाटतो आणि मागे वळून पाहता लांब दिसतो; रिता काळ जाता जात नाही, पण आठवू गेल्यास काहीच हाती लागत नाही. बंदिवानाची खरी व्यथा येथे आहे. त्याचा दिवस युगासारखा आणि वर्ष मात्र चिमटीएवढे. साहित्यिकाला प्रश्न पडतो तो असा, की ज्याचा स्मृतीत ठसाच उमटत नाही असा काळ शब्दांत धरावा कसा?

या प्रश्नाचा पहिला मोठा विचार आपल्या परंपरेत संत ऑगस्टीन यांनी केला. 'कबुलीजबाब' या आत्मचरित्राच्या अकराव्या प्रकरणात ते काळाचे कोडे सोडवावयास बसतात. भूतकाळ उरलेला नाही, भविष्य अद्याप आलेले नाही आणि वर्तमान तर क्षणभरही थांबत नाही. मग आपण मोजतो तरी काय? त्यांचे उत्तर असे, की आपण मनातच मोजतो. स्मृती, अवधान आणि अपेक्षा या तिहींत मन ताणले जाते आणि तो ताण म्हणजेच काळ. दृष्टान्त ते पाठ असलेल्या स्तोत्राचा देतात. म्हणावयास आरंभ करण्यापूर्वी सारे स्तोत्र अपेक्षेत असते. म्हणत जावे तसतसे ते अपेक्षेतून सरकून स्मृतीत जमा होते. त्याच प्रकरणात ऱ्हस्व आणि दीर्घ अक्षरांची मोजणीही येते. गंमत अशी, की आपल्या प्राचीन ज्योतिषग्रंथांनीही काळाचे परिमाण अक्षर आणि श्वास यांवरच बांधले. दहा गुरू अक्षरे उच्चारण्यास लागणारा वेळ म्हणजे एक प्राण, म्हणजेच निरोगी माणसाचा एक श्वासोच्छ्वास. सहा प्राणांचे एक पळ. साठ पळांची एक घटका. हिप्पोचा बिशप आणि उज्जैनचा ज्योतिषी एकमेकांना कधी भेटले नाहीत. पण काळ मोजावयाचा तर तो मुखातून निघणाऱ्या अक्षरांनी, याविषयी दोघांचे एकमत होते.

आता 'गीता प्रवचने' उघडून पाहावे. प्रत्येक प्रवचनाच्या माथ्यावर रविवारची तारीख छापलेली आहे. पुष्कळ वाचक ती ओलांडून पुढे जातात. माझ्या मते ती तारीख म्हणजे ग्रंथाच्या रचनेची किल्ली आहे. गीतेचा बारावा अध्याय वीस श्लोकांचा, पंधरावाही वीसच श्लोकांचा. अठरावा मात्र तब्बल अठ्ठ्याहत्तर श्लोकांचा. पंडिताने भाष्य लिहिले असते तर श्लोकसंख्येच्या प्रमाणात पाने वाढविली असती. विनोबांनी वीस श्लोकांना एक रविवार दिला आणि अठ्ठ्याहत्तरांनाही एकच. कारण येथे मापाचे भांडे श्लोक नव्हे, आठवडा आहे. ज्यांच्या सोमवारात आणि शुक्रवारात काही भेदच उरला नव्हता, अशा माणसांना त्यांनी वाट पाहण्याजोगा एक दिवस दिला. मागच्या खेपेचा धागा उचलावयाचा, आजचे सांगावयाचे आणि पुढच्या अध्यायाचे दार किलकिले करून ठेवावयाचे, ही त्यांची रीत ऑगस्टीन यांच्या स्तोत्रासारखीच आहे. ग्रंथात दृष्टान्तांची दाटी होते, एकाच मुद्द्याला चार-चार उपमा येतात, हा दोष मी नाकारीत नाही. एका बैठकीत वाचणाऱ्याला तो जाणवतोच. सात दिवसांच्या अंतराने ऐकणाऱ्याला तो जाणवला असेल काय, याविषयी मात्र मला शंका आहे.

वि. दा. सावरकरांच्या 'माझी जन्मठेप'चा (१९२७) मार्ग अगदी निराळा. तेथे काळ प्रथम आकड्याच्या रूपाने येतो: दोन जन्मठेपी, मिळून पन्नास वर्षे, सुटकेचे साल १९६०. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांच्या तरुणाच्या छातीवरील बिल्ल्यावर हा आकडा आहे. पन्नास ही संख्या बुद्धीला कळते. देहाला ती कळू शकत नाही, कारण तेवढा काळ तो देह अजून जगलेलाच नाही. पुस्तकातील वक्तृत्वपूर्ण भाग मला आता पूर्वीइतके ओढून घेत नाहीत. पण एकान्त कोठडीत कागद-लेखणीवाचून कविता रचावयाची, काट्याने किंवा खिळ्याने ती भिंतीवर कोरावयाची आणि घोकून पाठ करावयाची, हा भाग आजही तितकाच जिवंत वाटतो. आकड्याने जे होऊ शकले नाही, ते वृत्ताने केले: वेळेला पुन्हा अक्षरांची लांबी दिली. सोळाव्या शतकात टोलेडोच्या कोठडीत क्रूसभक्त संत योहान यांनीही आपली काव्ये प्रथम स्मृतीतच रचली होती, ते येथे आठवते.

आकडा लिहिणाऱ्याचा काळ आणि तो भोगणाऱ्याचा काळ यांत केवढी दरी असते, याचे उदाहरण शोधावयास अंदमानपर्यंत जाण्याचे कारण नाही. कासूहून दिव्याकडे जाणारी गाडी तळोज्यावरूनच जाते. त्या तळोज्याच्या कारागृहात ऑक्टोबर २०२० मध्ये येशूसंघीय धर्मगुरू स्टॅन स्वामी यांना ठेवण्यात आले. वय त्र्याऐंशी, कंपवाताने हात थरथरणारे. पेला ओठांशी नेता येत नाही म्हणून नळीचा पेला मिळावा, असा अर्ज त्यांनी ६ नोव्हेंबरला न्यायालयात केला. तपास यंत्रणेने उत्तर देण्यासाठी वीस दिवसांची मुदत मागितली. कार्यालयाच्या दप्तरात वीस दिवस म्हणजे एक नोंद. ज्याला दिवसातून अनेकदा तहान लागते आणि ज्याचे पाणी अंगावर सांडते, त्याच्या देहात तेच वीस दिवस किती लांबीचे? ५ जुलै २०२१ रोजी, जामिनाचा निर्णय होण्यापूर्वीच, वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात त्यांचा अंत झाला. खटल्याच्या गुणावगुणांची चर्चा करण्याचे हे स्थळ नव्हे. पण काळाच्या जाणिवेविषयी लिहिताना आपल्याच रेल्वेमार्गावरील हे वीस दिवस वगळणे मला शक्य नाही.

व्हिएतनामचे आर्चबिशप फ्रान्सिस झेवियर व्हान थुआन यांची कथा आपल्या वाचकांपैकी अनेकांना परिचित असेल. १९७५ ते १९८८ अशी तेरा वर्षे ते बंदिवासात होते. त्यांपैकी नऊ एकान्तवासात. सुटकेची वाट पाहण्यात आयुष्य घालवावयाचे नाही, हातातला क्षण प्रेमाने भरावयाचा, असा त्यांनी आरंभीच निश्चय केला. तळहातावर द्राक्षरसाचे तीन थेंब आणि पाण्याचा एक थेंब घेऊन ते मिस्सा अर्पण करीत. साहित्याच्या दृष्टीने मला लक्षणीय वाटते ती दुसरी गोष्ट. प्रारंभी स्थानबद्धतेत असताना त्यांनी एका लहान मुलाकरवी जुन्या दिनदर्शिकांची पाने मागविली आणि त्यांच्या पाठकोऱ्या बाजूंवर आपल्या लोकांसाठी लहान लहान चिंतने लिहिली. पुढे त्यांचेच पुस्तक झाले. पानाच्या एका बाजूला उलटून गेलेली तारीख, दुसऱ्या बाजूला तारखेशी संबंध नसलेले वाक्य. बंदिवासातील लेखनाचे याहून नेमके चित्र मला ठाऊक नाही.

गोव्याच्या मुक्तिसंग्रामातील मोहन रानडे यांचा उल्लेखही येथे व्हावयास हवा. १९५५ मध्ये ते पकडले गेले. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला. रानडे मात्र लिस्बनजवळच्या तुरुंगातच राहिले. तमिळनाडूचे मुख्यमंत्री अण्णादुराई यांनी १९६८ मध्ये पोप सहावे पॉल यांची भेट घेऊन त्यांच्यासाठी रदबदली केली आणि जानेवारी १९६९ मध्ये ते सुटले. ज्या कारणासाठी शिक्षा झाली ते कारणच बाहेर संपले होते, कोठडीत मात्र त्याचा काळ चालूच होता. त्यांच्या 'सतीचे वाण'चा विचार स्वतंत्रपणेच करावा लागेल.

आता 'श्यामची आई'. या पुस्तकाला भाबडे म्हणण्याची मध्यंतरी पद्धतच पडली होती. त्यात उपदेश आहे. एखादी रात्र रंगात आलेली असता लेखक प्रवचनाला उभा राहतो आणि कथा तिष्ठत राहते, हेही खरे. पण पुस्तकाची बांधणी पाहा. प्रकरणांना 'प्रकरण' म्हटलेले नाही; त्या 'रात्री' आहेत, एकूण बेचाळीस. आश्रमातील सायंप्रार्थना आटोपली की मंडळी भोवती बसतात आणि श्याम एक आठवण सांगतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा प्रार्थना, पुन्हा आठवण. ही चौकट म्हणजे निव्वळ सोय असे बहुतेक समीक्षक धरून चालतात. मला ती तुरुंगातल्या माणसाने स्वतःसाठी बांधलेली घटिकायंत्रासारखी वस्तू वाटते. गेल्या वर्षी धुळ्याला ज्याने अठरा रविवार दुसऱ्याच्या वाणीची वाट पाहिली आणि ती टिपून घेतली, तोच आता बाहेरच्या पाच दिवसांत आतल्या कितीतरी रात्री मावून घेतो. ऐकणाऱ्यांचा तो नियमित मेळा, तो ठरलेला प्रहर, उद्या पुन्हा जमण्याचा तो अध्याहृत करार, हे सारे धुळ्याच्या रविवारांतून नाशिकच्या कोठडीत आले असावे, असे माझे अनुमान आहे.

त्या रात्रींची लांबी सारखीही नाही. पूर्वार्धात एकेका रात्रीत बालपणाचा एखादा सुटा प्रसंग येतो: मुकी फुले, पत्रावळ, मोरी गाय, पोहणे. प्रसंग मागे-पुढे झाले तरी बिघडत नाही, कारण मुलाचा काळ तसाच असतो. त्याला ऋतू असतात, तारखा नसतात. मग घराला ओहोटी लागते, कर्ज येते, अब्रूचे धिंडवडे निघतात आणि आईचे दुखणे येते. येथून पुढे निवेदनाची गती मंदावते. बालपणाची वर्षेच्या वर्षे थोडक्या रात्रींत मावली होती. आईचे अखेरचे मोजके दिवस मात्र रात्रीमागून रात्री व्यापीत राहतात. शेवटचा आजार, शेवटची निरवानिरव, आणि मग भस्म.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावयास हवी. ते दिवस श्यामने पाहिलेलेच नाहीत. तो शिक्षणासाठी दूर होता आणि आईच्या अखेरच्या क्षणी तिच्याजवळ नव्हता. तो पोहोचला तेव्हा उरली होती ती राख. पुस्तकातील सर्वांत सावकाश, सर्वांत बारकाईने सांगितलेला काळ हा निवेदकाने न जगलेला काळ आहे. दुसऱ्यांकडून ऐकलेले तुकडे मनाने पुन्हा पुन्हा जोडून त्याने तो उभा केला आहे. डेव्हिड ईगलमन याने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात माणसांना एकतीस मीटर उंचीवरून जाळ्यात पाडले गेले. पडताना त्यांची दृष्टी अधिक जलद झाली नव्हती. तरीही आपले पडणे दुसऱ्यांच्या पडण्याहून सुमारे छत्तीस टक्के अधिक वेळ चालले, असे त्यांनी सांगितले. तो क्षण घडताना लांबला नव्हता, आठवताना लांबला होता. भयाने जे होते ते अपराधाच्या जाणिवेनेही होत असावे. 'मी तेथे नव्हतो' ही टोचणी त्या शेवटच्या रात्रींना संपू देत नाही. सर्वांत जास्त अश्रू आपण तेथेच गाळतो खरे. पण ते अश्रू शब्दांच्या गोडव्याने येत नाहीत. लांबविलेल्या वेळेने येतात, आणि ती लांबण कारुण्याचा बाजार मांडण्यासाठी केलेली नाही. ज्याला दुसरे काहीच करता येण्याजोगे नव्हते, असा एक मुलगा सोळा वर्षांनी कोठडीत बसून आईच्या उशाशी जागरण करतो आहे.

साने गुरुजींच्या आईचे निधन १९१७ साली झाले आणि पुस्तक १९३३चे, हे हिशेबात धरले म्हणजे वरील विधान अतिशयोक्त वाटणार नाही.

शालेय पाठ्यपुस्तकांतून या पुस्तकातील एखादीच रात्र धडा म्हणून उचलली जाते. मुलांना बोध मिळतो, पण रात्रीमागून रात्र येण्याचा अनुभव हरवतो आणि शेवटच्या रात्री एवढ्या लांब का, हे त्यांना कधीच उमगत नाही. ज्या घरांत रात्रीच्या जपमाळेची चाल अद्याप टिकून आहे, त्यांनी जपमाळ आटोपल्यावर रोज एक याप्रमाणे सलग बेचाळीस दिवस हे पुस्तक मोठ्याने वाचून पाहावे. अंथरुणावर कोणी असेल तर त्याच्या खोलीत वाचावे. 'गीता प्रवचने' वाचू इच्छिणाऱ्यांनी दर रविवारी एकच अध्याय घ्यावा, आणि माथ्यावरची तारीख आधी वाचावी.